मिठाची पंगत

केसरनं काठी बांधावर आपटली आणि घसा ताणून ओरडली, "पाय उचला गो! चालताय का रांगताय?"

पाय कुणीच उचलला नाही. पुढून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू डोक्यावरच्या पाट्यांखालून सरकत सरकत रांगेच्या शेपटापर्यंत गेलं.

हसतील नाही तर काय! ती ओरड मुळी केसरची नव्हतीच. ती होती तिच्या सासूची, नीराबाईची. नीराबाई या मिठागरावर मीठ वाहणाऱ्या बायांची मुकादमीण. तिनं काठी नुसती टेकली की बायांच्या माना ताठ व्हायच्या. सत्याग्रहाच्या साली बांधावर पोलीस येऊन बसले होते, तेव्हा त्यांच्यातल्या एका शिपायानंसुद्धा तिला बघून वाट सोडली म्हणतात. पण यंदा शिमग्याच्या सुमाराला तिचा गुडघा जो धरला तो सुटेचना. मग तिनं मिठागराच्या मालकाला, हरेश्वर शिलोत्र्याला, सांगितलं, "माजी सून उभी ऱ्हाईल." शिलोत्र्यानं पानात चुना जास्त झाल्यासारखं तोंड केलं आणि बरं म्हटलं. तेव्हापासून केसर उभी होती. काठी सासूची, कमरेवर हात ठेवायची ढब सासूची, शिव्यासुद्धा सासूच्याच. आवाज तेवढा स्वतःचा, आणि तो ऐन वेळी मांजरीच्या पिलासारखा फाटायचा.

एरवी हे खपून गेलं असतं. आज खपण्यातलं नव्हतं.

रात्री अमावास्येच्या उधाणात उघडीच्या फळ्या फुटल्या होत्या. उघडी म्हणजे खाडीचं पाणी हवं तेव्हा आत घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं ते लाकडी दार. रात्री थोडक्यात निभावलं. पण माध्यान्हीला पुन्हा भरती होती, तीही अमावास्येचीच. गावातले सगळे बाप्ये पहाटेपासून उघडीवर दगड आणि चिखल ओतत होते. इकडे तळातल्या वाफ्यांत चैत्राच्या उन्हानं पिकलेलं मीठ ढिगाढिगांनी पडलं होतं, डोळ्यांत खुपेल इतकं पांढरं. पाणी आत आलं की हे मीठ जिथून आलं तिथंच परत जाणार. ते डोक्यावरून उंचावरच्या राशीपर्यंत न्यायचं काम बायांचं.

उघडीकडे जाता जाता शिलोत्री केसरपाशी थांबला होता. "मीठ वर गेलं तर पावसापतूर तूच मुकादमीण," तो म्हणाला होता. "बुडालं तर उद्यापासनं बुधाजी उभा ऱ्हाईल. मंग मना नावं ठेवू नको."

बुधाजी हा त्याचा भाचा. तो बाजूला छत्री उघडून उभाच होता, लग्नात अक्षता पडायची वाट बघत असल्यासारखा.

केसरला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की त्याबद्दल ती कुणाशी बोललीसुद्धा नव्हती, मुंबईच्या गोदीत हमाली करणाऱ्या आपल्या नवऱ्याशी, मोरूशीही नाही. आजवर ती गुणाजीची पोर, मोरूची बायको, नीराबाईची सून. हे कामही सासूच्या हातूनच आलं होतं, खरंय. पण ते टिकलं असतं, तर टिकवणारी ती असती! आणि आता ते तिच्या डोळ्यांदेखत, गोगलगाईच्या चालीनं, मधल्या बांधावरून हातचं चाललं होतं.

गोगलगाईच्या चालीनं, कारण रांगेत सर्वांत पुढं चंद्राकाकी होती. गावच्या सगळ्यांत जुन्या घराची ती थोरली सून. पहिली पाटी तिच्या मानाची, आणि तिला ओलांडून कुणी पुढं जायचं नाही, हा मिठागराचा रिवाज. काकीचे पाय हल्ली सुजायचे. ती थांबली की रांग थांबे. त्यात मधला बांध इतका अरुंद, की राशीकडून परत येणारी बाई समोर आली की भरल्या पाटीवालीनं मान आवळून तिच्या बगलेतून निघायचं.

उंचावर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली नीराबाई पाय लांब करून बसली होती. तिची नजर केसरच्या पाठीला उन्हापेक्षा जास्त भाजत होती.

रेवस बंदराच्या अंगाला खाडी चमकायला लागली होती. धरमतरला जाणारी आगबोट भरतीवरच आत शिरायची. रेवसला तिचा भोंगा झाला, की पाणी उघडीशी आलंच म्हणून समजायचं. भोंगा अजून झाला नव्हता. केसरचा एक कान सारखा तिकडे.

तेवढ्यात बांधाच्या मधोमध घात झाला. मनुबाई भरली पाटी घेऊन वर चालली होती आणि समोरून रिकामी पाटी घेऊन आली कृष्णाबाई. दोघी सख्ख्या जावा. पुतण्याच्या हळदीत कुणाला आधी बोलावलं यावरून त्यांची बोलाचाली जी बंद झाली, ती अजून बंदच. मनुबाई हटेना. कृष्णाबाईही हटेना. दोघी एकमेकींच्या खांद्यांवरून पलीकडच्या डोंगराकडे बघत उभ्या! मागून गोदू घाईघाईनं येत होती. तिचं तान्हं पोर वाफ्याकडेच्या झोळीत रडत होतं आणि तिचं लक्ष तिकडे. ती धाडकन मनुबाईवर आदळली. पाटी कलली. पांढरंशुभ्र मीठ काळ्या चिखलात गेलं.

"आंधल्या का काय गो!" केसर किंचाळली. "थोबाडाव डोले हाईत का कवड्या?" हे पण सासूचंच.

मनुबाईनं पाटीखालची चुंबळ डोक्यावरून काढून झटकली. "सासूची काठी मिलाली म्हनून सासूची जीभ न्हाय मिलत, बाय माजे."

आता मात्र सगळ्या हसल्या. गोदूसुद्धा, रडत रडत.

बुधाजी छत्री फिरवत पुढं आला. "आगो, कशाला छळताय तिला? तिला लग्नात पंगत लावाय बोलवा, तिथं बघा कशी फुलते ती! हितं मीठ हाय, बुंदी न्हाय."

केसरचे कान तापले. कारण ते खरं होतं. गावात लग्न असलं की बायांची पंगत बसवायला केसर लागायचीच. कोण कुणाच्या शेजारी बसणार नाही, कुणाला आधी वाढलं नाही तर ती उपाशी उठेल, कुणाला पोर पाजायचंय म्हणून दाराजवळची जागा हवी, कोण भराभर जेवते आणि कोण घास मोजत बसते, हे तिला कुणी न सांगता कळायचं. कसं कळायचं? पाणवठ्यावर, बाजारात, होळीच्या फेरात ती बघत असायची. तिची जीभ गप्प बसली तरी डोळे बसत नसत. त्याला गावात नाव होतं: चोंबडी. नीराबाईनंही पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं, "लोकांच्या घरातली उठाठेव करून पोट भरत न्हाय."

चोंबडी. पंगत. केसरनं खाली मान घातली, आणि मग तशीच तिरप्या नजरेनं बांधाकडे पाहिलं.

आणि तिला दिसलं! इतके दिवस नुसती बायांची रांग दिसायची. आता ती पंगत दिसायला लागली, आणि पंगत साफ चुकीची बसली होती. सावकाश जेवणारी दारात. पोर पाजणारी पार आत. बोलाचाली नसलेल्या दोघी समोरासमोर. अशी पंगत लग्नात कुणी बसवली असती, तर केसरनं तिला मांडवातून हाकलली असती.

पंगत बदलायची म्हणजे रिवाज मोडायचा, तोही सासूच्या डोळ्यांसमोर. तिनं भेंडीकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर धीर गेला असता. तिनं काठी बांधाच्या चिखलात खुपसली, आणि रिकाम्या हातांनी चंद्राकाकीपुढं जाऊन उभी राहिली.

"काकी, पयली पाटी तुमच्या मानाची. व्हय ना?"

"व्हय. मंग?"

"मंग बाकीच्या कोनाच्याबी हातानं वतायच्या? आज अमावास्येचं मीठ हाय. तुमचा हात लागल्याबिगर राशीवर एकबी पाटी पडाय नको. तुमी राशीपाशी उभ्या ऱ्हावा. समद्या तुमच्याकडं येतील. तुमी कोनाकडं जायाचं न्हाय."

चंद्राकाकीनं डोळे बारीक केले. "मना म्हातारी समजून बसवतंस काय गो?"

हे केसरला पाठ होतं. पंगतीत म्हाताऱ्या बायका हेच विचारतात, आणि त्यांना काय ऐकायचं असतं तेही तिला पाठ होतं. "बसवीन कशी? बसलात तर समद्या बसतील. उभ्या ऱ्हावा म्हनते."

"लबाड हायस," काकी म्हणाली आणि राशीकडे चालू लागली. ताठ, मान वर करून.

पुढचं केसर जवळजवळ धावतच बोलली. "गोदू, तू झोलीपाशी ऱ्हा, पाट्या भर. वडे थापताना तुज्या हाताला कोन गाठत न्हाय, आज दाव! भरली पाटी मधल्या बांधानं वर जाईल. रिकामी खाडीकडच्या बांधानं खाली येईल. समोरून कोन यायाचं न्हाय, वाट अडायची न्हाय. गोल फिरायचं."

"आन पुढं कोन?" मागून कुणीतरी विचारलं. "मानाचं काय?"

"गोल फिरनाऱ्याला पुढं कोन आन मागं कोन?"

बायांना हे पटायला क्षणभर लागलं. मग कुजबुज झाली, मग एक पाटी उचलली गेली.

"खाडीकडचा बांध कच्चा हाय!" बुधाजी ओरडला. "ढासळला तर कोनाच्या गळ्यात?"

ते केसरलाही माहीत होतं. पण रिकामी पाटी हलकी, आणि दुसरी वाट नव्हती. "पंगतीत पयलं मीठच वाढतात, बुधाजीभाव," ती म्हणाली. "तुमी निस्तं बगा."

मनुबाईला आणि कृष्णाबाईला तिनं कुठं घातलं, तर गोलाच्या दोन टोकांना. एक राशीपाशी पोचली की दुसरी वाफ्यात. समोरासमोर कधी येणार नाहीत, पण मधल्या वाफ्यांवरून एकमेकींना दिसत राहतील. मग काय विचारता! मनुबाईचं पाऊल लांबलं की कृष्णाबाईचं लांबे, आणि दोघींच्या मधल्या सगळ्या आपोआप ओढल्या जात. गोदूचे हात दिसेनासे झाले. वर चंद्राकाकी एकेक पाटी उलटत होती आणि प्रत्येकीला काहीतरी सुनवत होती. "ही काय पाटी भरलीस? देवाला नैवेद्य हाय का?" पुढच्या खेपेला ती पाटी काठोकाठ येई.

तळातला पहिला वाफा रिता झाला. मग दुसरा. बुधाजीची छत्री मिटली.

आणि रेवसला भोंगा झाला.

तो लांबलचक, जाडाभरडा आवाज मिठागरावरून गेला आणि बायांच्या चालीत एक ठेच बसली. उघडीकडून बाप्यांची आरडाओरड ऐकू आली. "दगड आना! हिकडं, हिकडं!" केसरनं खाडीकडे पाहिलं. पाण्यावर फेस धरला होता. अजून मधला मोठा वाफा आणि त्याच्या पलीकडचा, उघडीला लागून असलेला शेवटचा, भरलेलेच होते.

"थांबू नका," ती म्हणाली. ओरडली नाही. वाटेत उभी राहून जी पुढ्यातून जाईल तिचं नाव घेत राहिली, आणि त्या एकीला लागेल तेवढंच बोलत राहिली. एकीला म्हणाली, "तुजा बाप्या उघडीवर बरा हाय, मी आत्ताच पाह्यला." दुसरीला म्हणाली, "पानी पी आन मंग उचल." गोदूच्या पोराला तिनं स्वतः पाठीला बांधलं. मधला वाफा निम्मा झाला, पाऊण झाला, खरडून निघाला.

त्याच वेळी उघडीकडून कडाड् असा आवाज आला. नव्या चिखलातून पाण्याची जाड धार आत घुसली आणि शेवटच्या वाफ्याच्या कडेनं सरकू लागली. खाडीकडच्या बांधाखाली काळं पाणी चाटत होतं. बांधाचा एक लचका सुटून पडला.

शेवटच्या वाफ्यात मीठ अजून होतं. चांगलं, टपोरं, कोरडं मीठ. तेवढं आणलं की संपलं. शिलोत्र्याला बोट दाखवायला जागा उरणार नाही. केसरनं ओठ चावला. मग तिला बांधावर परत येणाऱ्या बायांचे पाय दिसले, घोट्याला पाणी लागलेले.

"बास!" ती म्हणाली. "पाट्या टाका आन वर चला!"

"अजून मीठ हाय की!" बुधाजी म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या."

ती एकेकीला नाव घेऊन हाक मारू लागली. नाव ऐकलं की बाई वळे आणि वर येई. सगळ्या आल्या. दोघी सोडून. मनुबाई शेवटची भरली पाटी घेऊन मधल्या बांधावर, कृष्णाबाई रिकामी पाटी घेऊन खाडीकडच्या बांधावर. आधी थांबायचं कुणी? एक थांबल्याशिवाय दुसरी थांबणार नव्हती. केसरला ते आतून चर्रकन समजलं. ही गाठ तिनंच मारली होती.

"कृष्णाकाकी, फिरा माघारी!"

कृष्णाबाईनं पाण्यापलीकडे मनुबाईकडे पाहिलं आणि आणखी एक पाऊल पुढं टाकलं. बांध तिच्या पायाखालून निघून गेला. पाटी तरंगली. कृष्णाबाई कमरेइतक्या पाण्यात, पाय चिखलात रुतलेले, आणि फुटक्या उघडीतून येणारी धार तिला ढकलत होती.

पाठीवरचं पोर जवळच्या बाईच्या हातात देऊन केसर धावली. धावता धावता तिनं चिखलात रोवलेली काठी उपटली. पण तिच्या आधी काहीतरी धपकन पाण्यात पडलं. ती मनुबाईची पाटी होती, भरली, मिठासकट. मनुबाई लुगडं वर खोचून वाफ्यातूनच आडवी निघाली होती. तिनं जावेचा दंड पकडला, केसरनं काठी पुढं केली, मनुबाईनं दुसऱ्या हातानं काठीचं टोक धरलं, आणि मागून गोदूनं केसरची कंबर. ओढताना काठी करकरली. क्षणभर वाटलं, मोडते. मग चिखलानं चुपूक करून कृष्णाबाईचे पाय सोडले आणि चौघी एकमेकींवर कोसळल्या.

कृष्णाबाई खोकत होती. मनुबाई धापा टाकत होती, तिचा दंड अजून हातात धरून. मग ती केसरकडे वळली. "सांग तिला," ती म्हणाली, "माजी चुंबळ पान्यात गेली. नवी करून देवाय पायजे."

कृष्णाबाईनं तोंडातलं खारं पाणी थुंकलं. "सांग तिला," तीही केसरलाच म्हणाली, "दोन करून देईन."

मागं शेवटचा वाफा गेला. पांढरे ढीग आधी करडे झाले, मग गोल झाले, मग दिसेनासेच. केसर बघत उभी राहिली. रडू आलं नाही. तिला त्याचंच नवल वाटलं.

ओहोटीबरोबर शिलोत्री आला, छातीपर्यंत चिखलानं माखलेला. त्यानं आधी राशीकडे पाहिलं, मग तळाकडे.

"शेवटचा वाफा गेला, मामा," बुधाजी लगेच म्हणाला. "ऐन वेली हिनंच काम थांबवलं. मी सांगत हुतो."

चिखलानं जड झालेलं धोतर पिळत शिलोत्री त्याला म्हणाला, "बायांना सांग, उद्या सकाळी फुटका बांध घालाय या."

बुधाजीनं छत्री उघडली. "ऐकलं का गो? उद्या उजाडता..."

कुणी हललं नाही. बायांनी बुधाजीकडे पाहिलंही नाही. सगळ्या माना वळल्या होत्या केसरकडे, आणि केसरच्या पाठीवर परत आलेलं गोदूचं पोर तिची वेणी चघळत होतं.

राशीपाशी उभी असलेली चंद्राकाकी म्हणाली, "आमी येतो. पन कोन कुठं उभी ऱ्हाईल ते ही सांगंल. त्याला काय ठाव?"

शिलोत्र्यानं भाच्याच्या कोऱ्या करकरीत धोतराकडे पाहिलं, मग बायांकडे, मग पुन्हा राशीकडे. पानात चुना जास्त झाल्यासारखं तोंड त्यानं केलं. पण आज थोडा वेळच. "मंग सांग की," तो केसरला म्हणाला. "मुकादमीण तू का मी?"

केसरनं सांगितलं. तिथल्या तिथं, एका दमात, नावानिशी. आवाज फाटला नाही, कारण तो तिनं ताणलाच नव्हता.

मग पोर गोदूकडे देऊन ती चढ चढून भेंडीखाली गेली. नीराबाई उभी होती, झाडाला धरून. ती कधी उठली होती कोण जाणे. गुडघा थरथरत होता.

"रिवाज मोडलास," नीराबाई म्हणाली.

"व्हय, आत्या."

"चंद्राला राशीव उभी केलीस. मना कवा सुचलं न्हाय ते." तिनं तळातल्या बुडालेल्या वाफ्याकडे पाहिलं. "पंगत बरी लावलीस. मीठ जरा कमी पडलं."

"उद्या वाढते," केसर म्हणाली, आणि चिखलानं भरलेली काठी पदराला पुसून तिनं सासूच्या हातात दिली. "ही घ्या. तुमाला घरापतूर चालाय लागंल. मना न्हाय लागत."

नीराबाईनं काठी घेतली, टेकवली, आणि उतरणीला लागली. केसर तिच्या मागून चालली, उद्याच्या बांधावर कुणाला कुठं बसवायचं ते पुन्हा मनात फिरवत.